काशीनाथचा बुधवार

आमच्या चाळीतली माणसं आता बोरिवलीपासून बदलापूरपर्यंत पांगली आहेत, पण त्यातली दोघं-तिघं कुठे एकत्र आली की पाच मिनिटांत हुतूतूवर येतात. आणि हुतूतूवर आली की जिंकलेल्या ढालींवर बोलत नाहीत, फसलेल्या निवडींवर बोलतात. जिंकल्याचं कौतुक एकदा सांगितलं की संपतं. चुकीचा गडी घेतल्याचं दुःख दर वेळी नव्याने उगाळता येतं. परवा एका लग्नात आमच्या मंडळाचे तीन म्हातारे पंगत उठल्यावरही खुर्च्या ओढून बसले होते. मी शेजारीच होते.

"तो पांडू आठवतो का रे? मांड्या बघून घेतलेला?"

"मांड्या कसल्या, गिरणीचे खांब होते ते. पण दम? तीनदा हुतूतू म्हटलं की खोकला."

"जेवायला मात्र दम होता हो. आमच्याकडे आला की आई दुसऱ्यांदा पीठ मळायची."

"आणि गजा? जमिनीला पाय लागायचे नाहीत पोराचे. फायनलच्या दिवशी कुठे, तर गावाला. शिमग्याची पालखी नाचवत होता!"

"त्याच्यापेक्षा रघू बरा. त्याला गावच्या देवाला कौल लावून घेतला होता. देवानेच निवडलेला, मग शिव्या तरी कुणाला घालायच्या?"

"आणि बबन!" असं एक जण म्हणाला आणि तिघंही खुर्चीत मागे रेलून हसले. बबन म्हणजे आमच्या निवडींचा कळस. समोरचा गडी हाताच्या अंतरावर आलेला, आणि हा पंचांकडे बघून विचारतो, "धरू का?" शेजारी बसलेल्या एका नातवाने सहज विचारलं, "मग अशा माणसाला घेतलाच कसा?" "तात्यांचा पुतण्या होता ना," एक जण म्हणाला आणि जिलबी कशी झाली होती यावर बोलणं गेलं.

ते अर्धंच उत्तर होतं. बबन निवडला गेला, कारण त्या रविवारी दुसऱ्या एका माणसाला सातवा वार मिळाला नाही. या तिघांनाही ते ठाऊक आहे. त्यांच्यातल्या एकाचे वडील त्या सभेत मान खाली घालून बसले होते. माझेही बसले होते. म्हणून हे प्रकरण मी लिहिते आहे.

आमची चाळ चिंचपोकळीची. दोन खोल्या, त्यातली मागची स्वयंपाकाची. बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक करून ओळीत लावायचे, तेही उलटे. सगळी उमर उलटी अक्षरं वाचल्यामुळे की काय, सुलटं वाचताना ते डोळे बारीक करत. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षांत छापखान्यात लग्नपत्रिका मागे पडल्या आणि पत्रकांचा ढीग लागला. सभेची पत्रकं, मोर्च्याची, हरताळाची, गोळीबारात गेलेल्यांच्या नावांची. शाई फाकलेली, कागद दुमडलेला अशी बिघडलेली पत्रकं बाबा घरी आणत आणि आई ती फळीवर, डब्याखाली, पिठाच्या तळाशी अंथरत असे. पोह्याचा डबा संपत आला की खालून "मुंबई आमची" दिसायला लागायचं. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. शाळेच्या पुस्तकात कमळ आणि बदक होतं. आमच्या फळीवर "उठा" आणि "जाब विचारा" होतं. सोळाव्या वर्षी मला साधं वाक्य लिहिता येत नव्हतं, शेवटी उद्गारचिन्ह आलंच पाहिजे. मंडळाच्या दारावर एक काळा फळा होता. त्यावर रोजच्या बातम्या आणि सभेच्या सूचना लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण चाळीत माझं अक्षर सगळ्यांत मोठं होतं. मुलगी लिहिते म्हणून कुरकुर झाली होती, पण "लिहिणारा तुम्ही द्या" म्हटल्यावर कुणी पुढे आलं नाही.

चाळीच्या मागे मैदान होतं. मैदान कसलं, दोन भिंतींमधली मोकळी जागा. पण तिची माती आम्ही चाळणीने चाळलेली. संध्याकाळी तिच्यावर पाणी मारलं की पहिल्या मजल्यापर्यंत गारवा यायचा, आणि मग गिरणीचा भोंगा होऊन पाळी सुटली की गडी यायचे. तो एका दमात घुमणारा हुतूतूचा आवाज आणि आतल्या खोलीत आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, माझ्या कानात हे दोन्ही एकाच वेळी चालू असत. दर वर्षी दिवाळीनंतर मंडळ एक-दोन नवे गडी घेई. गावाहून गिरणीत लागायला आलेली पोरं मैदानात उतरवून बघायची, आणि पसंत पडलेल्याला रविवारच्या सभेत नारळ द्यायचा. पण नारळाच्या आधी वार लावावे लागत. एकट्या आलेल्या पोराला घर नसे, म्हणून जुन्या लोकांनी रीत घातली होती: आठवड्याच्या सात दिवसांना चाळीतली सात घरं, रोज एका घरी जेवण. सभेत तात्या एकेक वार पुकारत आणि ज्याला जमेल तो कर्ता पुरुष म्हणे, "आमचा." सात वार लागले की गडी मंडळाचा झाला. पुढे पुढे चाळीतच राहणारे, घरी आई असलेले गडीही निवडले जाऊ लागले, तरी रीत राहिली. चाळीचं अन्न पोटात गेलं की पोरगा चाळीशी इमान राखतो, असं तात्या म्हणत. तात्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, मंडळाचे प्रमुख होते, आणि खरं सांगायचं तर वाईट माणूस नव्हते. बुधवार, शुक्रवार, रविवार हे माशांचे, खर्चाचे वार कुणी लवकर घेत नसे. सोमवार-गुरुवारावर मात्र उड्या पडत. या सगळ्यात बायकांना कुणी विचारत नसे. पुरुष "आमचा" म्हणून यायचा आणि घरी सांगायचा, "उद्यापासून एक पान जास्त."

त्या वर्षी आपसातल्या सरावाच्या सामन्याला एक गडी कमी पडला. गल्लीपलीकडच्या चाळीतला काशीनाथ भिंतीवर बसून बघत होता, त्याला कुणीतरी हाक मारली, "ए, उतरतोस का?" तो उतरला. एकोणीस-वीस वर्षांचा, सडपातळ, गिरणीत नुकताच बदली कामगार म्हणून लागलेला. पहिल्याच चढाईत त्याने आमच्या तिघांना शिवलं. दुसरीत पाच जणांनी त्याला धरलं, आणि तो त्या पाचांना घेऊन मध्यरेषेपर्यंत सरपटत आला, आणि तोवर त्याचा दम एकदाही तुटला नाही. तात्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "गडी आहे," ते म्हणाले. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून कुणाबद्दल हे आलं नव्हतं.

त्या रविवारी सभेत त्याचं नाव निघालं. काशीनाथच्या घरच्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्याआधी ते कोण होते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते कुणी विसरलं नव्हतं. खेळाबद्दल कुणाचाच आक्षेप नव्हता. फक्त कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "खेळू दे की. पण वार कोण देणार?" त्यावर कुणी बोललं नाही. तात्या म्हणाले, पुढच्या रविवारी बघू. सात वार लागले तर काशीनाथ, नाहीतर माझा पुतण्या बबन आहेच.

हे सगळं बाबांनीच घरी येऊन सांगितलं. मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार?"

"अहो बाबा, कालच तुम्ही आणलेल्या पत्रकावर आहे. मराठी माणूस तेवढा एक, जातीपाती गाडून टाका. तुम्हीच जुळवलंय ना ते?"

बाबांनी सदरा खुंटीला लावला. "मी जुळारी आहे, शालू," ते म्हणाले. "मजकूर माझा नसतो."

या वाक्याने मला इतका राग आला की मी जेवले नाही. आज त्या वयाच्या पाचपट वय झाल्यावर मला त्यातला थकवाही ऐकू येतो. तेव्हा फक्त भेकडपणा ऐकू आला. मी पाठकोऱ्या कागदावर पत्रक लिहिलं आणि सकाळी मंडळाच्या फळ्यावर डकवलं. वरती ठळक मथळा: "काशीनाथ उपाशी का?" खाली सात प्रश्न, सात उद्गारचिन्हं. मला ते फार चांगलं जमलंय असं वाटलं होतं. दुपारपर्यंत सगळी चाळ वाचून गेली.

संध्याकाळी मी नळावरून येत होते तर जिन्याखाली काशीनाथ उभा होता. हातात तो कागद.

"हे तू लिहिलंस?"

"हो," मी जरा ताठ मानेनेच म्हणाले.

"मी उपाशी आहे असं तुला कुणी सांगितलं?"

"तसं नाही रे, मला म्हणायचं होतं..."

"माझी आई वर्गाला जाते. सहा महिने झाले, आता कुठे अक्षर लागायला लागलंय. रस्त्याने जाता-येता दिसेल ती पाटी वाचते. आज तुमच्या फळ्यावर पोराचं नाव दिसलं म्हणून थांबली. काय वाचलं, तर आपला पोरगा उपाशी." त्याने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. फाडला नाही. "माझं नाव लिहायच्या आधी मला विचारायचंस."

माझ्या हातातली कळशी मी खाली ठेवली. इतकी पत्रकं वाचून मी वाढले, पण त्यात ज्याच्यासाठी लिहायचं त्यालाही विचारायचं असतं, हे कुठेच छापलेलं नव्हतं. "चुकलं माझं," मी म्हणाले. "पण तुला खेळायचंय का आमच्याकडून?"

"खेळायचं तर आहेच. तुमचं मैदान चांगलं आहे." तो थोडा हसला. "पण कुणी दया म्हणून ताट देणार असेल तर नको. सगळ्या गड्यांना जसं आत बसवून वाढतात तसं वाढायचं. पान वेगळं मांडलं, कप वेगळा काढला, तर मी तिथून उठेन. एवढं विचार, आणि मग काय ते ठरव."

मग मी विचारत निघाले. पुरुषांना विचारायचं नाही, हे मी ठरवलंच होतं. ते सभेत गप्प बसले होते. रांधणाऱ्या बायकांना विचारायचं. आठवडाभर मी एकेक स्वयंपाकघर गाठत होते. कुणाच्या वाटणाच्या पाट्याशी बसले, कुणाचे तांदूळ निवडले, कुणाचं मूल झोपवलं. पहिला होकार दिला तो मालवणच्या सावंतकाकींनी. कुळथाची पिठी ढवळत म्हणाल्या, "माका काय गो. येऊ दे. तिखट खातलो मा? सोमवार माझो." खालच्या मजल्यावरच्या मोरेवहिनी म्हणाल्या, "चहा देईन. चालेल?"

"चहाने वार लागत नाही, वहिनी."

"अगं, पण नळावर उभी राहते मी. तिथे बोलतात गं बायका. बोलणं ऐकायला तू येणार आहेस का?"

"येईन. रोज सकाळी तुमच्या मागे माझी कळशी लावते."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खरंच त्यांच्या मागे कळशी घेऊन उभी राहिले, तिसऱ्या दिवशीही, आणि चौथ्या दिवशी त्या मागे न बघताच म्हणाल्या, "शनिवार लिही माझा." एका घरी माझ्या तोंडावर दार लागलं. एका घरात सासूने शिव्या दिल्या आणि सून जिन्यापर्यंत मागे येऊन कुजबुजली, "सासूबाई शुक्रवारी बहिणीकडे जातात. शुक्रवार आमचा." असं करत शुक्रवारी दुपारपर्यंत सहा वार जमले. राहिला बुधवार.

मी घरी येऊन बसले. आता कुणाचं दार उरलंय याची मनात उजळणी करत होते. आई बांगडे साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली, "सगळ्या चाळीच्या चुली हिंडलीस. आपल्या चुलीला विचारलं नाहीस."

खरं म्हणजे मी तिला विचारायला घाबरले होते. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरत आलेलं, मुलाकडची माणसं गावची, जुन्या वळणाची. आई हे सगळं जाणून होती. तिने बांगडा पाण्यात बुडवला. "बुधवारी मासे असतात. बुधवार आपला," ती म्हणाली. "वडलांना मी सांगते."

रविवारी मंडळाची खोली भरली होती. बायका बाहेर गॅलरीत, खिडकीशी. हे आधी कधी झालं नव्हतं. तात्यांनी बबनला पुढेच बसवलं होतं, आणि बिचारा नवा सदरा घालून आला होता. तात्यांनी पुकारलं, "सोमवार?" सावंतकाकांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. काकींचा चेहरा खिडकीत भरून होता. "आमचो," ते म्हणाले. खोलीत हालचाल झाली. "मंगळवार?" थोड्या वेळाने एक आवाज आला, "आमचा." "बुधवार?"

बाबा भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर हात, आणि त्या हाताकडेच बघत होते. तात्यांनी पुन्हा पुकारलं. आईने खिडकीचा गज धरला. मग मीच ओरडले, "बुधवार आमचा!"

"पोरीने दिलेला वार धरत नाहीत," तात्या शांतपणे म्हणाले. "घरातल्या कर्त्याने बोलावं." सगळ्या माना बाबांकडे वळल्या. मग ते उठले, चपला शोधल्या आणि बाहेर गेले. तात्यांनी उरलेले वार पुकारले नाहीत. नारळ बबनला दिला. काशीनाथ बाहेर मैदानाच्या भिंतीवर बसून होता. त्याने उडी मारली, धोतर झटकलं आणि गल्ली ओलांडून गेला.

दुसऱ्या दिवशी काम आवरल्यावर आईने नवं नव्हे, पण धुतलेलं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, "चल." आम्ही गल्ली ओलांडली. सोळा वर्षं मी त्या गल्लीत होते, पण पलीकडच्या चाळीचा जिना मी तोवर चढले नव्हते, आणि आईही नाही. काशीनाथची आई दारात सूप घेऊन बसली होती. आई म्हणाली, "बुधवारी मुलाला जेवायला पाठवा."

"कशाला? मंडळानं तर घेतलं नाही त्याला."

"वार मी दिलेला. मंडळाने दिलेला नव्हता."

काशीनाथच्या आईने सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे बोट केलं. "ही का ती? हिनं लिवलं माझा पोरगा उपाशी?"

"हो. मी लिहिलं," मी म्हणाले. "चूक झाली माझी."

"अक्षर चांगलं हाय," ती म्हणाली. "मजकूर खोटा हाय." मग आईला म्हणाली, "पोराला पाठवीन. पण आधी तुमी दोघी इथं जेवा. आमच्या घरात चूल पेटते का नाय, ते बघा. मग माझा पोरगा तुमच्या दारात भुकेला म्हणून येणार नाय, पाव्हणा म्हणून यील."

आई एक क्षण उभीच राहिली. तिच्या मनात त्या वेळी काय काय आलं असेल ते मला आज, माझ्या मुलींची लग्नं होऊन गेल्यावर, नीट कळतं. गावचे दीर, ठरत आलेली सोयरीक, नळावरच्या बायका. आमच्या मागे जिन्यात दोन-तीन बायका येऊन थांबल्याही होत्या. आई आत गेली आणि पाटावर बसली. ज्वारीची भाकरी, बोंबलाची चटणी, काळ्या वाटाण्याची उसळ. पहिला घास तिने हातात बराच वेळ धरला. मग खाल्ला. दुसरा खाल्ला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचं की कशाचं, मी विचारलं नाही. भाकरी संपत आली तेव्हा म्हणाली, "अर्धी आणखी द्या. आणि हे मिरचीचं वाटण कसं करता, ते सांगा." मग दोघी लसूण भाजून घ्यायचा की कच्चा यावर वाद घालायला लागल्या, आणि मी खाली मान घालून जेवत राहिले.

बुधवारी काशीनाथ आला. आईने त्याचं पान आत, चुलीसमोर मांडलं, नेहमीच्या पितळी ताटात. बाबा ट्रामने छापखान्यातून आले, दारातच थांबले. त्यांनी ते पान पाहिलं, मग आईला म्हणाले, "माझं?"

"जागा आहे तिथे बसा," आई म्हणाली. जागा काशीनाथच्या शेजारीच होती, कारण आमचं स्वयंपाकघर तेवढंच होतं. बाबांनी हातपाय धुतले. फार वेळ धुतले. मग येऊन बसले. बांगड्याचं कालवण भातावर घेतलं आणि ताटाकडेच बघत म्हणाले, "त्या दिवशी पाच जणांनी धरलं होतं तुला. निघालास कसा?" काशीनाथने घास गिळला आणि उष्ट्या हातानेच ताटाच्या कडेवर रेघ ओढून सांगायला लागला, डावा पाय कुठे होता आणि खांदा कसा सोडवला. बाबा ऐकत होते. दोघांचाही भात गार झाला.

पुढच्या आठवड्यात सावंतकाकींनी निरोप पाठवला की सोमवार आपला होता तो आहे, मंडळाचं मंडळ बघेल. मोरेवहिनींनी शनिवार धरला. बाकीच्या चौघींना घरच्यांनी वार देऊ दिला नाही आणि मी त्यांना दोष देत नाही. बहिणीची ती सोयरीक मोडली. दोन वर्षांनी दुसरी झाली, बरी झाली. काशीनाथ आपल्याच गल्लीच्या मंडळातून खेळला, आणि आठवड्याचे तीन दिवस आमच्या चाळीत जेवला.

त्याच मोसमात दोन्ही मंडळं समोरासमोर आली, आमच्याच मैदानात. आमच्यावर दोन लोण चढले, दोन्ही काशीनाथने चढवलेले. शेवटच्या चढाईत तो आमच्या चौघांना ओढत मध्यरेषेवर पडला आणि पंचांची शिट्टी झाली, तेव्हा तात्या रागाने उभे राहून ओरडले, "बघा, आमचीच भाकरी खाऊन आम्हालाच लोळवलं!"

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत सगळ्या बायका उभ्या होत्या. आजवर त्या गॅलरीतून मैदानातल्या पुरुषाला कुणी उलट बोललेलं नव्हतं. आईने कठड्यावरून वाकून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं:

"मग घ्यायचा होता, तात्या!"